बाजूच्या काचा पन्नास टक्के

३ मे, शनिवार

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू, आठवतील तशा. काच कापायचं टेबल, वर जुन्या सतरंजीचा थर. डिकीची काच एकट्याला उचलता यावी म्हणून रबरी वाट्या आणि सायकलचा पंप जोडून केलेला उचल्या. घरचा कूलर: पत्रा, जाळ्या, वाळा, सगळं मीच. तन्वी शाळेत असताना तिच्या प्रदर्शनासाठी पवनचक्की. बक्षीस मिळालं नाही, कारण बाईंना वाटलं विकत आणली. आणि उजेड मोजायचं यंत्र. दोन डब्या. एकीत दिवा, ती काचेच्या बाहेरून लावायची. दुसरीत डोळा, ती आतून. चुंबकाने एकमेकींना धरून राहतात. किती टक्के उजेड आरपार गेला ते आकड्यात दिसतं. कुठल्याही कॉलेजात न जाता केलं.

यादीचं कारण, मालवीय नगरचं गिऱ्हाईक, शर्माजी. त्यांच्या गाडीच्या काचांवरची काळी फिल्म काल चौकात पोलिसांनी सोलली, वर दंडाचं चालान. दुकानात येऊन म्हणाले, "आप के इस जुगाड़ के भरोसे लगवाई थी."

जुगाड.

समजावलं. उजेड पुढच्या-मागच्या काचेतून सत्तर टक्के, बाजूच्या काचांतून पन्नास, त्याखाली मी लावतच नाही. वरच्या कोर्टाने पूर्वी फिल्म सरसकट बंद केली होती, पुढे नियम बदलला, आता दक्षिणेतलं एक हायकोर्ट म्हणतं की टक्के पाळले तर फिल्म चालेल. पण चौकातला शिपाई टक्के मोजत नाही. काचेच्या कडेला नख लावतो. सुटली तर फिल्म, आणि फिल्म म्हणजे चालान. यात माझ्या यंत्राचा काय दोष?

जाताना बोलले ते मात्र डोक्यात बसलं. "और उस दिन आप थे कहाँ? शंभू ने लगाई थी."

खरं आहे. त्या दिवशी मी बँकेत. त्यांच्या गाडीचा ५३ हा आकडा मी पाहिला होता की माझ्या कारागिराने, शंभूदयालने सांगितला होता?

यंत्र दुकानातल्या कूलरसमोरच्या फळीवर उघडं पडलेलं असतं, कोणीही हात लावावा. आजपासून शटरजवळच्या माझ्या लोखंडी टेबलाच्या खणात. कुलूप लावून. मोजणार मीच.

५ मे, सोमवार

वहीत यापुढे शंभूदयालला शं. लिहीन. देवनागरी वाचतो, आणि एकोणीस वर्षं माझ्यासोबत फिल्म चिकटवून मराठीही अर्धीअधिक कळते.

सकाळी नेहमीप्रमाणे. उदबत्ती फिरवली, डब्या समोरासमोर धरल्या, मध्ये काही नसताना स्क्रूने शंभर लावले. मग दिवसभर स्क्रूला हात नाही. वडील भिंतीवरच्या घड्याळाला रोज सकाळी एकदाच चावी देत, तसं. (ते विमा कंपनीतून निवृत्त होऊन कराडला परत गेले, मी इथे जयपुरात, शास्त्री नगरात राहिलो. काचेत.)

दुपारी करडी गाडी तयार. शं.ने लावलेली, बुडबुडा एक नाही, कडा सुरेख. मोजली. ४६.

पुन्हा मोजली. ४६.

त्याला म्हणालो, रोल कुठला? "वही, भाऊसाब. अपना वाला." अपना वाला रोल कारखान्याच्या काचेवर ५३ देतो, हे मला झोपेत माहीत आहे. सोलायला लावली. "अच्छी-भली लगी है," एवढंच म्हणाला. गिऱ्हाइकाला उद्या या सांगितलं.

७ मे, बुधवार

सकाळी शं. यायच्या आत रोलचा तुकडा कापला, काचेवर बसवून मोजला. ५३. म्हणजे रोल बरोबर, यंत्र बरोबर.

दुपारी पुन्हा करडी गाडी, शं.ने नव्याने लावलेली. ४७.

म्हणजे रोल तोच, पण गाडीवर चढते ती दुसरी. स्वस्तातली, गडद. कुठून आणतो? मागच्या गल्लीचं दार त्याच्या ताब्यात. गेले काही आठवडे फोन आला की बाहेर जातो. पूर्वी इथेच बोलायचा, तेही अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं.

करडी गाडी तशीच दिली. आकडा लिहून दिला नाही. गिऱ्हाईक म्हणालं, थोडी और काली नहीं हो सकती? शं. हसून माझ्याकडे बघत म्हणाला, "सबको अंधेरा चाहिए भाऊसाब, वो भी चार पहिये वाला." मी हसलो नाही. एरवी हसलो असतो.

९ मे, शुक्रवार

काल रोलच्या कडेला आतून टाचणीने तीन-तीन भोकं पाडली. हाताला लागणार नाहीत, उजेडात धरली तरच दिसतील. आज दुपारी निळ्या गाडीच्या कडेला भिंगाने पाहिलं. भोकं आहेत. माझाच रोल.

यंत्र ४६ म्हणतं.

मग वर दुसरा थर? नखाने कड उचलून पाहिली. एकच.

मग स्क्रू. खणाची किल्ली मी जेवताना खुंटीवरच्या सदऱ्यात असते.

तन्वीकडून नेलपॉलिश आणलं. शंभर लावल्यावर स्क्रूवर अर्धा डब्यावर अर्धा असा ठिपका द्यायचा. स्क्रू हलला तर ठिपका तुटेल. "बाबा, मतलब आता तुम्ही पॉलिश लावणार?" सौ. म्हणाली, त्यांना विचार, रंग कुठला शोभतो.

१० मे, शनिवार

ठिपका शाबूत. दुपारी ४५.

हुशार आहे.

१२ मे, सोमवार

सिविल लाइंसमधल्या सरकारी बंगल्याची पांढरी गाडी. साहेबांचा भाचा घेऊन आला. चारी बाजू पूर्ण काळ्या हव्यात. पन्नासच्या खाली लावत नाही म्हणालो. "मामाजी की गाड़ी है, रोकेगा कौन?"

मी म्हणालो, "तो फिर नंबर प्लेट भी काली करा लो."

शं.ला हसू आवरेना, तोंड फिरवून फवारा भरायला गेला. भाचा त्याच्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. दोन तऱ्हेची फिल्म विचारून, काही न लावता गेला.

संध्याकाळी दूध आणायला निघालो तर कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे शं. उभा. शेजारी पांढरी गाडी, काच खाली. मला पाहून शं.ने कप ठेवला. "राम-राम भाऊसाब." पाच मिनिटांपूर्वी दुकानात म्हणाला होता तेच. दोनदा राम-राम कशाला?

१३ मे, मंगळवार

पांढरी गाडी परत आली, भर दुपारी. डाव्या मागच्या दाराची काच अडकते म्हणे. काच दुरुस्त केली, आणि गाडीत होतोच तर डब्या लावल्या. चारी काचांवर फिल्म. कालपर्यंत नव्हती.

४१.

कडा सुरेख. बुडबुडा नाही.

१४ मे, बुधवार

शेवटी बोललो. शटर अर्धं ओढून, म्हणजे बाजाराला तमाशा नको. रोल, दुपारचे आकडे, फोन, चहावाला, पांढरी गाडी, एकेक क्रमाने सांगितलं. आवाज चढवला नाही. मला वाटतं चढवला नाही.

त्याने ऐकून घेतलं. मध्ये एकदा बोलायला तोंड उघडलं, मी हात केला.

"हो गया?"

म्हणालो, हो.

"तो भाऊसाब, इतने दिन से आप मुझे नाप रहे थे. मैं सोच रहा था गाड़ियाँ नाप रहे हो."

एप्रन काढून खुंटीला लावला. फिल्म दाबायची रबरी पट्टी त्याची स्वतःची, लाल मुठीची. ती खिशात घालून गेला. हिशेब मागितला नाही.

घरी सौ.ला सांगितलं. तिने पोळी तव्यावरून उतरवली आणि गॅस बंद केला. "अहो, तुम्ही त्याला विचारलंत की सांगितलंत?"

फरक काय, म्हणालो.

बाकीच्या पोळ्या तन्वीने केल्या.

१५ मे, गुरुवार

एकटा. लू सुटली आहे, वारा भाजतो, शटर भट्टीसारखं. दोन गिऱ्हाइकांनी शंभूला विचारलं. गावाला गेलाय म्हणालो. लगेच वाटलं, हे का सांगितलं?

१६ मे, शुक्रवार

हिरवी गाडी मी स्वतः केली. आपल्या रोलमधून, स्वतः कापून, स्वतः दाबून. एका काचेत दोन बुडबुडे राहिले, सवय मोडली आहे.

दुपारी मोजली. ४६.

माझ्या हाताची.

 मग बाहेर येऊन दोन्ही डब्या समोरासमोर धरल्या. मध्ये काच नाही, फिल्म नाही, काही नाही.

८८.

मोकळ्या हवेतून ८८ टक्के उजेड. ठिपका शाबूत. यंत्राचा पत्रा हाताला चटका देत होता. कूलरसमोरच्या जुन्या फळीवर ठेवलं. अर्ध्या तासाने हवा ९८. पुन्हा लोखंडी खणात ठेवलं. उन्हं शटरवर होती. थोड्या वेळाने ८९.

दिवा तापला की मंद होतो. इतकी वर्षं ते फळीवर गारव्यात होतं. खणात मी ठेवलं.

१७ मे, शनिवार

सगळे आकडे पुन्हा काढले. ८८ ला शंभर धरून. करडी गाडी ५२-५३. निळी ५२. माझी हिरवी ५२. सगळ्या नियमात. शं.ने एकाही गाडीवर फसवलं नाही.

पांढरी: ४१ चे साधारण ४७.

सत्तेचाळीस.

त्या दिवशी ऊन जास्त असेल तर हवा ८८ नाही, ८५ असेल, ८३ असेल. ८२ धरली तर पन्नास होतात. त्या दुपारी हवा किती होती ते मोजलेलं नाही. आणि त्या गाडीची मूळ काचच हिरवट असेल तर आपलाच रोल लावूनही आकडा खाली येतो. आणि मुळात ती शं.ने लावली हे कोणी पाहिलंय? कडा सुरेख, एवढंच. जयपुरात कडा सुरेख लावणारे आणखी असतील.

असतील का? मी पाहिलेले नाहीत.

१८ मे, रविवार

शं.कडे गेलो. सौ. म्हणाली, माफी मागायला जाताय तर तेवढंच करून या. झोल्यात यंत्र घेतलं, हवा ८८ कशी होते ते प्रत्यक्ष दाखवावं म्हणून.

बाहेर खाटेवर बसला होता. उठला नाही, पण सरकून जागा दिली. त्याची बायको घूंघट सावरत छाछ देऊन गेली. सगळं सांगितलं. दिवा, खण, कूलरची फळी. तो ऐकत राहिला, मग हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"तो मशीन को लू लग गई."

मीही हसलो. खूप बरं वाटलं. म्हणालो, गलती मेरी. दोनदा म्हणालो. तो म्हणाला, छोड़ो भाऊसाब, कल से आता हूँ, आप की हरी गाड़ी के बुलबुले भी तो निकालने हैं. (त्याला कोणी सांगितलं?)

इथे उठायला हवं होतं. छाछ संपली होती.

मी विचारलं, "और वो सफेद गाड़ी?"

हसणं तोंडावर तसंच राहिलं, पण आतून गेलं. "चाय पी रहा था. उसने रास्ता पूछा."

"किस का रास्ता?"

त्याने माझ्या पायाशी पाहिलं. "झोले में मशीन लाए हो ना आप?"

दाखवायला आणलंय, म्हणालो.

"हाँ," म्हणाला. आत गेला. मी थोडा वेळ थांबलो. आतून कूलरमध्ये पाणी ओतल्याचा आवाज येत होता. बाहेर कोणी आलं नाही.

१९ मे, सोमवार

आला नाही.

सौ.ला पांढऱ्या गाडीचं सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. तिला तोंडावरून कळतं.

आता दर गाडीला शंभर लावतो, मोजण्याआधी. आकडे स्वच्छ येतात. ५३, ५२, ५३. बुडबुड्यांसाठी गाड्या परत येतात.

२२ मे, गुरुवार

चहावाल्याला सहज विचारलं, पांढरी गाडी यायची का रे इथे? म्हणाला, भाऊसाब, यहाँ तो सब गाड़ियाँ सफेद ही हैं.

२४ मे, शनिवार

मालवीय नगरात गाड्यांच्या सामानाचं मोठं शोरूम आहे, त्याचे मालक खन्नाजी स्वतः दुकानात आले. यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. जुगाड म्हणाले नाहीत. "ये आप ने बनाया? अकेले?" खुर्चीवरची धूळ मी पुसली, ते बसले.

त्यांना लोकांसमोर टक्के मोजून दाखवायचे आहेत. पोलीस नखाने बघोत, आपण आकड्याने दाखवू, म्हणाले. यंत्र त्यांचं, त्यावर माणूस मी, आणि फिल्म लावायला शंभूदयाल. तिघं एकत्र, नाहीतर नको.

शंभूशी बोललात का, विचारलं.

"होली से कह रहा हूँ उस को. फोन पे फोन. एक ही बात बोलता है, भाऊसाब से पूछो."

होळीपासून. म्हणजे ते फोन हे. भाऊसाब से पूछो. मला सोडून जायचं नव्हतं म्हणून? की मला तिकडे न्यायचं म्हणून? आणि एवढे दिवस माझ्यापुढे एक अक्षर नाही. पांढरी गाडी त्या शोरूममध्ये जात असेल का, हेही विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. एवढं तरी शिकलो.

खन्नाजींची एकच अट. त्यांच्या भिंतीवर लावायला माझ्या सहीने लिहून द्यायचं, की यंत्र बरोबर मोजतं आणि आम्ही दोघं एकमेकांच्या कामाची हमी घेतो. पेन त्यांनीच पुढे केलं. पहिलं वाक्य मी लिहिलं असतं, आता ते खरं आहे. दुसऱ्यापाशी पांढरी गाडी उभी राहिली.

नाही म्हणालो.

सौ. विचारते, नाही का म्हणालात?  शं.ला अजून कळलं नसेल, किंवा एव्हाना कळलंही असेल.

यंत्राचे आणि माझे मिळून दोन लाख पंचाहत्तर हजार देत होते. शंभूचा पगार वेगळा.