बावन्न किलोंना लावलेली गाडी

११ नोव्हेंबर, सोमवार

आधी सगळ्यांची तब्येत विचारून घेते, मग बाकीचं. आमचे हे — कमरेचा मणका तसाच. गॅरेजच्या खड्ड्यात पडले त्याला दोन वर्षं झाली, खाट काही सुटली नाही. आवाज मात्र ठणठणीत! मुलाचा, देवेशचा, खोकला उतरला. सूनबाई कृतिका, पित्ताने डोकं धरून बसते, पण आज बरी. मी? गुडघे कुरकुरतात. कुरकुरणारं दार लवकर मोडत नाही म्हणतात. आणि अंगणातली आमची एस्टीम गाडी, वय वर्षं तेवीस — तिचे धक्के झेलणारे चारही शॉक गेलेत. बॉनेट दाबलं की होडीसारखी डुलते.

आज ह्यांना कल्याणला डॉक्टरकडे नेलं. गाडी मीच चालवते. मानपाड्याच्या गतिरोधकावर बैलाच्या पावलाने चढवली, तरी मागच्या सीटवरून किंकाळी. "मारून टाक मना एकदाची! कोनी दिलं गो तुला लायसन?" पुढे प्रत्येक खड्ड्याला एक शिवी. माझ्या आईपर्यंत पोचले.

शिवीचं काही नाही, ती चाळीस वर्षांची आहे. किंकाळी नवी. ती ऐकवत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

एमआयडीसीच्या गल्लीत सलिलच्या दुकानात गेले. गाड्यांचं सामान विकतो, हल्लीची पोरं तिथेच पडीक. कॉइलओव्हर दाखव म्हटलं. म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकाच दांड्यावर. उंची फिरवून कमी-जास्त करायची, आणि वर एक घुंडी — टिक टिक करत फिरते, एकीकडे कडक, दुसरीकडे मऊ.

"काकी, गाडी जमिनीला टेकवायची का? हळदीत मिरवायला?"

दोघं गिऱ्हाईक फिदीफिदी हसले. मीही हसले.

त्याने काढून दिली ती स्प्रिंग हातात फिरवली. आठचा आकडा. म्हणजे एक मिलिमीटर दबायला आठ किलो लागणार. म्हटलं, "सलिल, ही पाटावर बसल्यासारखी होईल रे. मला तीनची दे. आणि गाडी बसवायची नाही, कंपनीची होती तेवढीच उंच ठेवायची."

त्याने स्प्रिंग परत घेतली. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

कोण सांगणार! चौथी शिकले. ह्यांच्या गॅरेजमध्ये पाने-पकडी पुढे करता करता सामानाच्या खोक्यांवरचं वाचलं, तेच माझं कॉलेज. आता मोबाइलवर व्हिडिओ बघते. तीनची मागवून देतो म्हणाला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

ह्यांना सांगितलं. "चाळीस वर्सं पाना पुढं केलास म्हनून मेस्त्री झालीस का गो? बाईचा हात लागला का गाडी मरते." आणि भिंतीकडे तोंड.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

गाडीचे शॉक नेमके लावायचे तर बसणाऱ्याचं वजन लागतं. ह्यांना उभं राहता येत नाही. देवेशने कडेवर घेतलं नि काट्यावर चढला — एकशे सव्वीस. एकटा चढला — चौऱ्याहत्तर. म्हणजे हे बावन्न. पडले तेव्हा एक्याऐंशी होते!

पाठ करून डोळे पुसले. ह्यांनी बघितलंच. "रडतीस कशाला? उचलायला हलका झालो, तुझाच फायदा."

२४ नोव्हेंबर, रविवार

सामान आलं. सकाळी सातला गाडी जॅकवर घेतली. देवेशने गंजलेले बोल्ट सोडवून दिले, बाकी सगळं माझ्या हाताने. ह्यांची खाट खिडकीशी सरकवली — बघू देत, करमेल. चूक झाली!

"अगो, स्प्रिंगखालची चकती सैल सोड! सैल सोडलीस का मऊ होते!"

नाही होत. मऊपणा स्प्रिंगच्या तारेत असतो, चकती सोडली तर स्प्रिंग नुसती खुळखुळते. माहीत होतं मला. पण चाळीस वर्षं त्या आवाजासरशी हात चालत आलाय. सोडली!

फेरी मारली तर घणाचे ठोके. प्रत्येक खड्ड्यात धाड धाड. घरात आल्यावर हे म्हणतात, "बोल्लो नव्हतो? बाईचा हात."

२५ नोव्हेंबर, सोमवार

हे दुपारी झोपल्यावर चारही चकत्या पुन्हा घट्ट केल्या. बोलले नाही कोणाला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज खरी परीक्षा. बावन्न किलो तांदूळ दोन पोत्यांत मोजून मागच्या सीटवर आडवा ठेवला, पट्टा बांधला. शेजारी काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या. मानपाड्याहून निघाले, डोंबिवली फिरून परत. पहिल्या फेरीत अर्धा तांब्या सांडला. घुंड्या सहा टिक सैल केल्या. दुसऱ्या फेरीत गाडी झोके खायला लागली, तेही वाईट, मळमळतं. मागच्या दोन टिक आवळल्या. तिसरी फेरी. चाकांची अलाइनमेंट करून चौथी.

चौथ्या फेरीत गतिरोधकावरून गाडी अशी उतरली — जशी बाळंतीण पायरी उतरते! सीट नुसती ओली, तांब्या भरलेला. रस्त्याच्या कडेला थांबून एकटीच खूप हसले.

संध्याकाळी ह्यांना एक चक्कर मारून आणली. तोंडातून हूं नाही की चूं नाही. उतरताना, सलिलने पुन्हा लावून दिली असं समजून, म्हणाले, "सलिलचा हात चांगला हाय." मी म्हटलं, "हो." त्यांना बरं वाटलं ना, मग नाव कोणाचं का असेना.

३० नोव्हेंबर, शनिवार

हे आपणहून म्हणाले, "मालन, उद्या शहाडला जाऊ. जुनं गिऱ्हाईक हाय, भेटायचंय." मालन म्हणाले! अगो नाही, मालन. पुरणाचा घाट घातलाय. पाहुण्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं?

१ डिसेंबर, रविवार

सगळं लिहून काढते.

शहाडला नदीच्या अंगाला तळमजल्यावरचं घर. दार एका बाईने उघडलं, पंचावन्नच्या आतबाहेरची. प्रमोदिनी. आत दवाखान्यासारखी कठड्याची खाट, गादीवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. देवेशने ह्यांना उचलून नेऊन सरळ त्या खाटेवर ठेवलं. कुठे ठेवू म्हणून विचारलंसुद्धा नाही.

मी पोळ्यांचा डबा धरून उभी.

हे म्हणाले, "मालन, मी हितंच राहीन आता. दोन वर्सं हिच्याकडं यायचं होतं. गाडीत बसवत नव्हतं."

ती बाई खाली बघत होती. मग हे म्हणाले, "गोळ्यांची पिशवी डिकीत ऱ्हायली. आन जा."

आणून दिली! पाना पुढे करावा तशी.

येताना देवेश म्हणाला, "आई, मला अकरा वर्षांपासून ठाऊक आहे. तू एवढं मन लावून गाडी करत होतीस… म्हणून नाही बोललो."

मन लावून! गाडी मात्र कुठेच आदळली नाही. रडायलासुद्धा धक्का लागला नाही.

२ डिसेंबर, सोमवार

कृतिकाने न विचारता खाट उचलून माळ्यावर टाकली. तांदूळ डब्यात भरला. काही नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

प्रमोदिनीचा मेसेज. "ताई, तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते. काल ह्यांना रिक्षाने डॉक्टरकडे नेलं, वाटेत शुद्ध हरपली. तुमच्याच गाडीत बसेन म्हणतात. गुरुवारी पुन्हा तारीख आहे. कराल का एवढं? मला शेजारी बसून धरावं लागेल."

'ह्यांना'! तीही 'ह्यांना' म्हणते.

देवेश म्हणाला, "ब्लॉक कर." मी पदर खोचला नि गाडीपाशी गेले. चारही घुंड्या उलट्या फिरवल्या, फिरेनात तोवर. एकदम कडक. मग मानपाड्याच्या त्याच गतिरोधकावरून दामटली. माझेच दात दातांवर आपटले, पाठीत कळ गेली मानेपर्यंत. वळवून पुन्हा दामटली. पुन्हा. दर वेळी मागच्या सीटवरची किंकाळी मनात ऐकली. खोटं कशाला लिहू, गोड वाटलं! माझं काही न बघणाऱ्या देवाला इतक्या वर्षांत कधी एवढ्या मोठ्याने हाक मारली नव्हती.

११ डिसेंबर, बुधवार

पहाटे उठून घुंड्या सैल केल्या. पण आता मागे दोघं बसणार, तेव्हा सगळं नव्याने लावावं लागेल. प्रमोदिनीला लिहिलं — "गुरुवारी नऊला येते. तयार राहा. तुझं वजन किती? लवकर कळव."