शिंपल्यांची कड

पनवेल, मंगळवार, ८ फेब्रुवारी १९९४

आज सोनाबाई नसती तर? संध्याकाळपासून डोक्यात हेच.

जुन्या चर्चच्या इमारतीत फ्लॅट होताहेत, भोवतीच्या बागेचा नकाशा माझा. मागच्या भिंतीलगत मी गाड्यांची जागा आखली होती. तिथल्या कबरी सगळ्या हलवल्यात, असं मला सांगितलं होतं. मी मान डोलावली. स्वतः नीट का नाही पाहिलं?

सकाळी खोदाई सुरू झाली आणि मजुरीवर आलेल्या सोनाबाईने कुदळ खाली ठेवली. मातीत शिंपल्यांची कड लागली होती, कबरीभोवती लावतात तशी, जेमतेम दोन हात लांब. मुकादम ओरडला, ती हलली नाही. मला म्हणाली, "बाई, हितं कुनाचं तरी लेकरू हाय. आमी नाय खणायचो."

एवढीशी कड. कुणीतरी एकेक शिंपला वेचून आणला असेल.

गावातल्या दुसऱ्या चर्चमधून फादरना बोलावलं. त्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि म्हणाले, "बाळाला इथेच राहू द्या." बिल्डरकडे मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्याने सगळं ऐकून नकाशा स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "गाड्या रस्त्याच्या बाजूला घ्या."

सोनाबाईचे आभार मानले तर ती लाजली. तिलाच विचारलं, इथे काय लावू? मोगरा, तगर?

"काय नको लावू. गवत येतंय आपसूक."

आत्ता नकाशावरची ती जागा पुसली आणि बारीक अक्षरांत लिहिलं: इथे फक्त गवत, सोनाबाईंच्या सांगण्यावरून.