फांदीवरचे लुगडे

४ डिसेंबर १९३७, शनिवार

भाईदास शेठजींना उपद्रव झाला आहे! फिर्यादीत तसे स्पष्ट लिहिले आहे. कापूस वेचायला सातपुड्यातून उतरलेली फुलीबाई नावाची बाई सारंगखेड्याच्या वरच्या अंगाला, तापीच्या वळणावर, विवस्त्र स्नान करीत होती, आणि ते दृश्य पाहून कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाचे मालक व सदाचार मंडळाचे अध्यक्ष यांच्या मनाला अतोनात क्लेश झाले. किती वेळ पाहिले, तेही फिर्यादीतच नमूद आहे — ‘सुमारे पाव तास’. इतका वेळ क्लेश सोसण्याची शक्ती फार थोड्यांना लाभते.

गुन्हा शाबीत झाला तर आठ दिवसांची कैद. बाईचे मूल चार महिन्यांचे, अजून अंगावर पिणारे. ते तुरुंगात न्यायचे की झोपडीत उपाशी ठेवायचे, याबद्दल सदाचार मंडळाचा ठराव अद्याप झालेला नाही.

वकीलपत्र मी घेतले.

५ डिसेंबर, रविवार

कलम पुन्हा शांतपणे वाचले. चांगले कलम वाचताना मला घड्याळ उघडून पाहिल्याचा आनंद होतो. एक चाक काढले की सारे यंत्र थांबते. येथे चाके तीन. कृत्य अश्लील असावे लागते. जागा सार्वजनिक असावी लागते. आणि त्यापासून दुसऱ्या कुणाला उपद्रव व्हावा लागतो. नुसते उघडे अंग हा कायद्याने गुन्हा नव्हे. तसे असते, तर जिनाच्या दारात राख फासून बसणाऱ्या बैराग्याच्या पायांवर शेठजी दर एकादशीला डोके ठेवतात, तेथेच एक फिर्याद तयार होती.

मुंबईच्या स्नेह्याने पाठविलेले मासिक योगायोगाने आजच आले. युरोपात सुशिक्षित स्त्रीपुरुष संस्था काढून उन्हात विवस्त्र बसतात म्हणे! त्यांचे नियम छापले आहेत — कुणाकडे टक लावून पाहू नये, संमतीवाचून छायाचित्र घेऊ नये, बसताना आपला पंचा खाली अंथरावा. वाचनालयात हे मोठ्याने वाचून दाखविले. मंडळी म्हणाली, केवढा पुढारलेला समाज! मग मी फुलीबाईचा विषय काढला. तीच मंडळी, तीच बाके — ‘रानटी लोक’.

८ डिसेंबर, बुधवार

फुलीबाईचा नवरा वाहरू आला. कमरेला लंगोटी, खांद्यावर कांबळे. खुर्ची दाखविली तरी उंबऱ्याशीच बसला. घरात ही माणसे आपली बोली बोलतात, आमच्याशी मोडक्या अहिराणीत. मी एकेक प्रश्न सावकाश विचारला आणि त्याने एकेकाचे उत्तर दिले. असा साक्षीदार मला वीस वर्षांत मिळाला नाही.

त्यांची रीत अशी. अंघोळीला उतरणारी बाई आपले कोरडे लुगडे वाटेवरच्या फांदीवर टाकते. पुरुष असेल तर धोतर. मागून येणाऱ्याने तेथेच थांबायचे.

“फांदीवर लुगडं दिसनं का माणूस थांबस, हाक मारस. जवाब ये नही तवलगून पुढे जास नही.”

मी विचारले, आणि डोळे? त्याने माझ्याकडे दयेने पाहिले. “डोया पायकडे.”

युरोपियनांना याच गोष्टीसाठी छापील नियम लागले! शिवाय त्यांच्या नियमांत हाक मारणे नाही.

त्या दिवशी लुगडे फांदीवर होतेच. शेठजी ते ओलांडून पुढे गेले, छत्री उघडून खडकावर बसले. “बगळासारखा बठना व्हता,” वाहरू म्हणाला, “मासा काही सापडना नही.” मी इतका हसलो की आतून चहा आणणारी पत्नी दारात थबकली.

बचावाचा सारा भार या खुणेवर आहे, हे त्याला समजावून दिले. सांगितले, शनिवारी मी जागा पाहायला येईन, तेव्हा त्या दिवशीचे लुगडे त्याच फांदीवर तसेच टांगून ठेव. पुराव्यात दाखल करायचे आहे. त्याने कांबळे खांद्यावर सारखे केले. मग म्हणाला, लुगडे जपून ठेवतो, कचेरीतच आणतो. मी पुन्हा पहिल्यापासून समजावले. वस्तू जागेवरून मिळाली असली तर तिचे वजन वाढते, वगैरे. त्याने मान हलविली.

९ डिसेंबर, गुरुवार

घोडेबाजाराची वर्दळ सुरू झाली. तिथल्या गर्दीत शेठजींनी मला गाठून ऐकविले — “वकीलसाहेब, ह्या लोकेसले लाजनी गोटच माहीत नही.” बोलताना नजर पलीकडे घागर घेऊन जाणाऱ्या बाईवर होती.

११ डिसेंबर, शनिवार

जागेची पाहणी अत्यंत समाधानकारक. इद्रिसच्या टांग्याने तिसऱ्या प्रहरी पोहोचलो. वाट करंजाच्या झाडापर्यंत सरळ जाते आणि थोडे पुढे वळते, वळणापलीकडे पाणी. झाडापासून पाणी मुळीच दिसत नाही — म्हणजे पाहायचे असेल त्याला मुद्दाम चालत जावे लागते! नकाशा काढला. झाड ते वळण बावीस पावले.

वाहरूने शब्द पाळला. हिरवे, लाल काठाचे लुगडे फांदीवर व्यवस्थित टांगलेले होते. ते काढून घेतले, कागदात गुंडाळले, वर तारीख, वेळ आणि स्थळ लिहिले. जागा रिकामी असूनही वळणापलीकडे मी एक पाऊल टाकले नाही. दुसऱ्यांच्या रीतीबद्दल न्यायालयात बोलायचे, तर ती आधी आपण पाळली पाहिजे.

टांग्याजवळ येतो तोच नदीच्या बाजूने बाईमाणसाची हाक आली. इद्रिस म्हणाला, “साहब, पीछे से कोई बुला रही है.” कुणीतरी तेवढ्यात दुसऱ्या वाटेने पाण्यावर आली असावी. मी त्याला सांगितले, अशा ठिकाणी सभ्य माणसाने मागे वळून पाहायचे नसते. आणि परतीच्या साऱ्या वाटेत त्याला कलमाची तीन चाके समजावून दिली. त्याने घोड्याला दोनदा उगाच चाबूक मारला.

१४ डिसेंबर, मंगळवार

सुटली! फुलीबाई निर्दोष!

शेठजींची उलटतपासणी मी हळूहळू केली, जणू लहान मुलाला बेरीज शिकवावी. फांदीवर वस्त्र पाहिले? पाहिले. वस्त्र पाहून काय वाटले? कुणीतरी बाई अंघोळीला असेल. असे वाटल्यावर आपण कोणत्या दिशेला चाललात? पाण्याकडे. छत्री कशासाठी उघडली? ऊन होते. म्हणजे उपद्रव सावलीत बसून झाला? मॅजिस्ट्रेटसाहेबांनी रुमाल तोंडावर धरला. मग कागद सोडून लुगडे दाखविले. हेच का ते? “असंच व्हतं.” लुगडे दाखल झाले, मोहर लागली.

निकालात म्हटले आहे की, जो आपल्या पायांनी चालत जाऊन उपद्रव गाठतो, त्याला तो झाला असे म्हणता येत नाही. वाक्य सुंदर आहे. थोडेफार माझेच आहे.

वाहरूने मात्र आज वैताग आणला. काखेत गाठोडे घेऊन आला होता आणि ऐन सुनावणीत माझी बाही ओढत होता. मी त्याला डोळ्यांनी दटावून गप्प बसविले. फुलीबाई कुणा तुळशीबाईचे तोकडे लुगडे नेसून उभी होती. पुराव्याची वस्तू वर धरली तेव्हा तिने एकदाच पाहिले आणि पदर पुढे ओढला. लज्जा नाही म्हणतात या लोकांना!

१६ डिसेंबर, गुरुवार

वाहरू आला. मला वाटले, आभार मानायला.

“मन्ही बायकोनं लुगडं दी दे.”

फिर्यादीच्या दिवशीचे लुगडे त्याने, आधी म्हणाला होता तसे, कचेरीसाठी बांधून ठेवले होते. तेच ते गाठोडे. फुलीबाईजवळ एकच उरले होते, ते तिने शनिवारी अंघोळीला जाताना फांदीवर टाकले.

“दिन बुडे लगून पानीमा बठेल व्हती ती. घरमा पोरगं रडी ऱ्हायनं. तिनी तुले हाक मारी, तू मांगे देखं नही.”

त्या वेळी कुणी तिला पाहिले असते तर पुन्हा तीच फिर्याद झाली असती. कचेरीत हे सांगितले तर नवी फिर्याद उभी राहील, या भीतीने तेथेही ती बोलली नाही.

मी विचारले, मग मी सांगितल्याप्रमाणे तू आधीच का टांगून ठेवले नाहीस? त्याला माझा प्रश्नच कळेना.

“पानीमा कोनी नही, आनि फांदीवर लुगडं? असं कोनी करत नही.”

लुगडे मोहरेखाली आहे. अपिलाची मुदत संपेपर्यंत सुटणार नाही. हे त्याला समजावून सांगायला मी तोंड उघडले, आणि उठून उंबऱ्याशी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.