किटली पुन्हा चुलीवर

रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय ओडीलताई,

इतके दिवस पत्र नाही, त्याबद्दल माफ कर. लिहायला बसत होते. हवामानावर दोन परिच्छेद झाले की पेन खाली ठेवत होते. तू फोन उचलत नाहीस हे ठीकच आहे. तुझ्या जागी मीही उचलला नसता. नाही, हे खोटं. मी उचलला असता आणि गोड बोलले असते. आपल्या दोघींत हा फरक पहिल्यापासूनच आहे.

मंगळवारच्या विमानाने तुमच्याकडची नर्स परत येते आहे, तिच्या हाती हे पत्र देते. नदी अजून धड गोठलेली नाही म्हणतात. म्हणजे फेरीबोट बंद, बर्फाचा रस्ता नाही, आणि विलो बेंडला पोचायचं तर आकाशातूनच. इकडे तळं गोठलं. लिऑनचा गुडघा दुखतो, तरी नवरोबांचा बर्फाखाली जाळं टाकायला जायचा हट्ट आहेच.

तू पाठवलेलं मूस हरणाचं सुकं मांस पोचलं. नेहमीसारखं पातळ कापलेलं, धूर नीट लागलेला. दरवर्षी सोबत तुझी चिठ्ठी असते: चरबी वेगळी ठेव, गेल्या वर्षी खवट केलीस, मंत्रीण झालीस तरी अक्कल तेवढीच. या वेळी पिशवी उलटी करून झटकली. चिठ्ठी नव्हती.

रेडिओवर माझा आवाज ऐकलास तेव्हा तू मुलांना सूप वाढत होतीस, असं शेलीनने सांगितलं. ‘सखोल विचारविनिमयानंतर मंत्रिमंडळाने एकमताने’ हे शब्द माझ्याच तोंडचे. लहान वस्त्यांमधल्या पाळणाघरांचं अनुदान मार्चअखेर थांबणार आणि तो पैसा खाणीच्या कामासाठी माणसं तयार करणाऱ्या नव्या प्रशिक्षण केंद्राला जाणार. शिक्षण खातं माझं, पाळणाघरं माझी, आर्थिक विकासही माझाच. स्वतःच्याच डाव्या खिशातून काढून उजव्यात घातलं आणि वर त्याचं स्वागतही मीच केलं.

दुसऱ्या दिवशी शेलीनचा फोन आला. तुझी मुलगी तुझ्याच वळणावर गेली आहे, हे आधी सांगते.

“मावशी, अभिनंदन कर. मला त्या केंद्रात घेतलंय. मोठा ट्रक चालवायला शिकवणार.”

“अगं वा!”

“वा कसलं? एप्रिलला माझं शिक्षण सुरू, मार्चला आईचं पाळणाघर बंद. आई म्हणते, मग ती दुकानात गल्ल्यावर बसेल. मी बाळाला काय ट्रकच्या टपावर बांधू? इथून ज्या बायकांना घेतलंय त्या सगळ्यांची पोरं आईकडेच असतात. तू आम्हाला किल्ली दिलीस आणि दारच काढून नेलंस.”

मी म्हटलं, आईला फोन दे. ती म्हणाली, आईचे हात पिठात आहेत. मागे ताटल्यांचा आवाज येत होता, आणि म्हाताऱ्या रोझालीचा. ती मुलांना आपल्या भाषेत बोटं मोजायला शिकवत होती.

“आईने एकच विचारलंय,” शेलीन म्हणाली. “तू त्या खोलीत काय म्हणालीस?”

मी सांगितलं की आम्ही शपथ घेतलेली असते, खोलीतलं बाहेर सांगता येत नाही. शेलीनने ते मोठ्याने तुझ्यापर्यंत पोचवलं. मग तू हसलीस. ताई, त्या हसण्यावर मी महिनाभर चिडले आहे. तुला काय कळतं, असं मनात किती वेळा म्हटलं असेल. एकमताने चालणारं सरकार आपलं. पक्ष नाही, गट नाही. आत काय वाटेल ते बोलावं, बाहेर मात्र सगळ्यांनी एका तोंडाने. मी आत भांडले असेन की नाही, हे तुला कधीच कळणार नाही, आणि मी सांगूही शकत नाही, हा केवढा अन्याय! असं मी लिऑनलाही ऐकवलं.

तो जाळं दुरुस्त करत होता. म्हणाला, “मंत्रीणबाई, घरात बोलता तेवढं तिथे बोलत जा.”

मी ताडकन उठून स्वयंपाकघरात गेले. त्याला काहीच माहीत नाही, तरी बरोबर कसा बोलला?

आज दुपारी तुझं मांस चावत बसले होते, तेव्हा विचार केला. कोण काय म्हणालं हे सांगितलं तर शपथ मोडते. पण मी काहीच म्हणाले नाही, हे सांगितल्याने कुठली शपथ मोडते?

तर ते असं. विषय निघाला, माहिती वाचून झाली. मी मान खाली घालून गप्प बसले. आपल्या गावच्या सभागृहात आजोबा बसायचे तशी. आठवतं ना, सगळ्यांचं बोलून झालं आणि आजोबा गप्प असले की कोणीतरी उठून चहाची किटली पुन्हा चुलीवर ठेवायचं. म्हणजे सभा अजून संपलेली नाही. म्हातारा ‘हो’ म्हणालेला नाही. त्याला कोणी ढोसायचं नाही, घाई करायची नाही. दुसरा चहा होईपर्यंत तो बोलेल. कधी कधी तिसरा व्हायचा. मीही तशीच वाट पाहत राहिले. मुख्यमंत्र्यांनी टेबलाभोवती एकदा पाहिलं, सगळ्यांचं एकमत धरलं आणि पान उलटलं.

नंतर मी डॅरिलला व्हरांड्यात गाठलं. मुख्यमंत्री झाला तरी तो मला डॅरिलच. हे बोलणं खोलीबाहेरचं आहे, तेव्हा सांगते.

“मी होकार दिला नव्हता.”

“वर्ना, नकारही दिला नव्हतास.”

“आमच्या नदीकाठी गप्प बसलेल्या माणसासाठी थांबतात.”

“आमच्या खाणीच्या गावात गप्प बसलेल्या माणसाला झोप लागली असं समजतात.” मग हसू आवरून म्हणाला, “खातं तुझं. तूच बोलली नाहीस, तर मी कुणासाठी थांबायचं?”

मला त्याचा इतका राग आला! राग येण्यासारखं तो काही बोललाच नव्हता, म्हणून आणखीच आला.

इथपर्यंत लिहून वाटलं, पत्र झालं. चूक झाली, पण आपल्या रीतीभातीने झाली. आजोबांची नात आहे मी. वाचायला किती बरं वाटतं. म्हणून पुन्हा वाचलं.

ताई, आजोबा मनात काही पक्कं होत नसे म्हणून गप्प बसायचे. माझं तर पक्कं झालेलं होतं. आदल्याच आठवड्यात अर्थखात्याचा एक अधिकारी सहज म्हणाला होता, “विलो बेंडचं पाळणाघर तुमच्या भगिनी चालवतात ना?” एवढंच. वाईट हेतू होता असंही नाही. पण ते वाक्य घेऊनच मी खोलीत गेले. तोंड उघडलं तर म्हणतील, बाई बहिणीसाठी भांडते. तसं होतं तर आधीच सांगून बाहेर जायला हवं होतं. बाहेर गेले नाही आणि बोललेही नाही. स्वच्छ राहायचं होतं मला. आपल्या उत्तरेत माणसंच किती. कुठलंही पाळणाघर घे, कोणाची तरी बहीण तिथे सूप ढवळत असणारच. असा विचार केला तर लहान वस्त्यांसाठी कोणी कधी बोलूच शकणार नाही.

आणि तुझ्या जिव्हारी काय लागलं तेही मला कळतं. या खुर्चीसाठी उभं राहा म्हणून तूच मागे लागली होतीस. घरोघर जाऊन सांगत होतीस, “माझी बहीण बोलणारी आहे.”

उद्या सकाळी मंत्रिमंडळाची बैठक आहे. बुधवारी हे सगळं विधानसभेपुढे जाईल. त्याआधीची ही शेवटची. विषय पुन्हा काढता येतो, डॅरिल कपाळाला हात लावेल एवढंच. बाकीचे ऐकतील याची खात्री नाही. नाही ऐकलं तर दोनच वाटा उरतात. मंत्रिपद सोडायचं, किंवा जानेवारीत तुमच्या हॉलमध्ये उभं राहून हा निर्णय किती चांगला आहे ते तुम्हाला समजावायचं. दुसरं मला जमणार नाही, असं लिहिणार होते. खरं म्हणजे ते मला जमेल, याचीच भीती वाटते. आवाज चांगला आहे माझा. रेडिओवाले नेहमी सांगतात.

तुझी चिठ्ठी नाही म्हणून आधी वाटलं, तू मला टाकलंस. आता वाटतं, टाकायचं असतं तर मांसही आलं नसतं. तूही मान खाली घालून बसली आहेस, एवढंच. अजून ‘हो’ नाही आणि अजून ‘जा’ही नाही. मग मला वाट पाहू दे. माझ्याकडून किटली चुलीवर ठेवली आहे असं समज.

चरबी या वेळी वेगळी ठेवली आहे.

रोझालीला नमस्कार सांग. शेलीनच्या बाळाचा पापा घे.

बोलणारी म्हणून तू जिला पाठवलंस, ती तुझी,
वर्ना

उद्याचं काम: बैठकीत सगळ्यांच्या आधी बोलणे, पहिले शब्द ‘माझी बहीण’.