आठ सेकंद न हालता

१० जानेवारी, शनिवार

आजपासून लिहून ठेवते. चौथी शिकली मी, पन डोकं बारावीचं हाय.

माझा पोरगा सतीश वाशीमले लग्नाचे फोटो काढते. जुना कॅमेरा घरी टाकून गेला. भिंग काढून नेलं, नुसतं धड राह्यलं. यूट्यूबवर पाह्यलं, कॅमेऱ्याच्या झाकनाले बारीक भोक पाडलं का बिना भिंगाचा फोटो निघते. पिनहोल म्हन्तेत. सोपं हाय.

कारन असं. सासूची आमच्याकडची पाळी सरली. सहा वर्सं झाले. पुढच्या रविवारी दीर येते, नाशकाले घेऊन जाते. बुढी म्हने, रत्नमाला, तुह्यासंग एक फोटो काढून दे, तिकडं भिंतीवर लावीन. म्हटलं, मी कायले? म्हने, तिथं बोलाले कोनी तं पाह्यजे.

सतीशचा बाप म्हने, मोबाईलवर काढ. मोबाईलवर तं शेंबडं पोट्टंबी काढते. जावेले फोनवर सांगून टाकलं, मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो पाठवते. एका दिवसाचं काम.

बुढी गेली का मी मोकळी.

११ जानेवारी, रविवार

खिळा तापवून झाकनाले भोक पाडलं. त्यावर गोळ्याच्या पाकिटाची चांदी चिटकवली. व्हिडिओत म्हने, चांदीले सुईनं टोचा. सुई सापडली नाही, पोते शिवाचा दाभन सापडला. टोचनं ते टोचनं.

फोटो पांढराफटक.

सतीशले फोन केला. म्हने, आई, दाभनानं? भोक पाडलं का बोगदा? म्हटलं, तुले नऊ महिने वागवलं, मले शिकवू नको. फोन ठेवला.

१३ जानेवारी, मंगळवार, दुपार

नवी चांदी, मनी ओवाची सुई. निघाला फोटो! अंगन, खाट, लिंबाचं झाड, सारं ओळखू येते. धुक्यात असल्यावानी, पन येते. मले माहीतच होतं.

फक्त वर काळे ठिपके. कॅमेऱ्याले गोवर निघाली. सतीश म्हने, आतमधी धूळ असन. झाकन काढून जोरात फुंकर मारली. ठिपके वाढले. सतीश म्हने, थुंकी उडाली, आता आत काही करू नको. मी काही थुंकत नाही. कॅमेराच हलका घेतला त्यानं.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांतीनं दिवस खाल्ला. माझी चूक नाही.

सतीशनं फोनवर समजावलं. भोकातून उजेड कमी येते, म्हनून सावलीत आठ सेकंद उघडं ठेवा लागते. जे हालते ते फोटोत उमटत नाही. बुढीले ताकीद दिली, हालू नका. म्हाताऱ्या मानसाचं काही खरं नाही.

कॅमेरा इटांवर ठेवला. बटन दाबलं का दहा सेकंदानं चालू होते. तेवढ्यात पळत जाऊन बुढीजवळ बसाचं.

पहिला फोटो: बुढी दिसते, मी नाही. वाळू घातलेल्या तुरीत कोंबड्या शिरल्या, उठून हाकलून आली, बस.

दुसरा: दूध उतू जाऊन राह्यलं होतं.

तिसरा: सतीशच्या बापानं विचारलं, मीठ कुठं हाय. नवऱ्याले तीस वर्सात मीठ सापडत नाही, उठा नाही लागत?

बुढी तिन्ही फोटोत दगडावानी. म्हने, एकडाव बस ना व माय. म्हटलं, ह्या घरात बसू देते कोन?

१७ जानेवारी, शनिवार, सकाळ

बुढी उद्या जाते. आज कोनतीच खोडी नको. कुकर बंद. कोंबड्या डालीखाली. सतीशच्या बापाले वावरात धाडलं, मिठासगट.

बसली. बुढीनं माहा हात धरला. आठ मोजले. हालली नाही. फक्त पदर सारखा केला, अन् कॅमेरा चालू झाला का नाही ते एकडाव वाकून पाह्यलं. ते काही हालनं नोहे.

संध्याकाळ

फोटो न पाहताच कार्ड देऊन दुपारी सतीशच्या बापाले तालुक्याले, मालेगावले धाडलं; तो धुऊन घेऊन आला. बुढी खाटेवर, लुगड्याचा काठसुद्धा दिसते. बाजूले धूर. धुराले एकच हात, बुढीनं धरलेला. तेवढा साफ आला.

मले लाज वाटली नाही, राग आला. म्हटलं, द्या तो मोबाईल, आत्ता काढते. बुढी म्हने, राहू दे, हाच पाह्यजे. अशीच हायस तू. सहा वर्सात तुले बसलेली कवा पाह्यलं मी?

१८ जानेवारी, रविवार

जऊळक्याच्या स्टेशनवर सोडून आलो. बुढीनं फोटो लुगड्याच्या घडीत ठेवला, पिशवीत ठेवू नाही दिला. रडली-बिडली नाही मी. थंडीनं नाक वाहून राह्यलं.

घर मोकळं झालं. आता आराम.

२२ जानेवारी, गुरुवार

जावेचा फोन आला. फोटो बैठकीत लावला म्हने. येनारे जानारे विचारतेत, आजी, बाजूले हा धूर कायचा? बुढी सांगते, धूर नोहे, माही मोठी सून हाय. कामात हाय.

साफ खोटं. मी पुरे आठ सेकंद बसली होती. कॅमेऱ्यातच खराबी हाय, सतीशले सांगते.

खात्री करासाठी खाटेवर एकली बसून पुन्हा आठ मोजाले घेतले. घरात कोनी नाही. चुलीवर काही नाही.

पाचवर उठली. काम काहीच नव्हतं.