टोपी होईस्तोवर

ती. अक्का,

पायांवर डोकं ठेवलं असं समज. गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच उरकतो. तुझी पाठ कशी आहे ते विचारत नाही, कारण विचारलं की तू चार पानं पाठीवरच लिहिशील. माझं बरं आहे. पोरीचंही बरं आहे, म्हणजे पोट कापलंय, ताप उतरत नाही आणि दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर आहे, पण बोलते. आणि तिची पोरगी आली. दोन महिने आधीच आली. घाई आपल्या घरातलीच. वजन एक किलो दोनशे दहा ग्रॅम. पहिल्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलीय, आज बारावा दिवस. जावई बोटीवर, बोट पाण्यावर, आणि पाणी कुठलं ते त्याच्या कंपनीला माहीत. त्याला यायला अजून तीन आठवडे. म्हणजे जागेवर मी एकटा. तरी काळजीचं कारण नाही आणि तू येऊ नकोस. तू आलीस की रडणार, मग मी तुला सांभाळू का त्यांना?

पत्राला कारण विणकाम. हसून घे, मग पुढं वाच.

झालं असं. इथं एक मोठी नर्स आहे. बाहेर बाकावर आम्ही सगळे तिला फौजदारीण म्हणतो. (तोंडावर सिस्टर.) तिनं चौथ्या दिवशी मला बोलावलं आणि म्हणाली, "आजोबा, एवढ्याशा जिवाची ऊब डोक्यातनं जाते. ह्या मापाची टोपी दुकानात मिळत नाही. कोणाकडनं तरी विणून आणा. टोपी झाली की ती घालून पोरीला पेटीतनं काढायची आणि रोज तासभर तुमच्या छातीवर ठेवायची. उघड्या छातीवर. आईला ताप, बाप बोटीवर, राहिलात तुम्ही." मी म्हटलं बरं. घाबरलो वगैरे नाही. पाय तेवढे गार पडले, पण इथली फरशीच तशी आहे.

आता तुला सांगायला हरकत नाही, माझी बोटं. एकेचाळीस वर्षं लेथवर काढली. उजव्या हाताच्या तीन बोटांना टोकाला काही कळत नाही, चामडं झालंय. गरम कप धरतो तेव्हा वास आल्यावर कळतं की भाजतंय. घरात काचेचा एक पेला शिल्लक नाही, मी स्टीलचे आणले. मला किती जोर लावतोय ते कळतच नाही अक्का. लोखंडाला चाललं ते. काचेतनं बघितलं तर त्या पोरीचा दंड माझ्या करंगळीएवढा. छाती हलते, थांबते, परत हलते. ती थांबली की माझीही थांबते, तिची सुरू झाल्यावर माझी मागनं. आणि यंत्र वाजतं. यंत्र वाजलं की बाकावरचे सगळे उभे राहतात, कारण कोणाच्या पेटीचं वाजलं ते बाहेर कळत नाही. मग दार उघडतं, फौजदारीण एकालाच आत बोलावते आणि बाकीचे खाली बसतात. खाली बसताना बरं वाटतं आणि बरं वाटल्याची लाज वाटते. असं दिवसातनं पाच-सहा वेळा.

तर टोपी. कोणाकडनं तरी म्हणजे कोणाकडनं? माझ्या पोरीची आई जाऊन आठ वर्षं झाली. तू तिकडं. मी म्हटलं, माणसानं बनवलेली वस्तू आहे, माणसालाच बनवता येणार, त्यात काय एवढं? जुन्या कारखान्यात गेलो, तीन मिलिमीटरची सळई घेतली, दोन सुया ओढल्या, टोकं तासली, पॉलिश मारलं. अशा सुया तू जन्मात बघितल्या नसशील. त्या दवाखान्याच्या दारावरच्या गुरख्यानं जप्त केल्या. म्हणाला, ह्या घेऊन कोणाला भोसकायला निघालात? मी म्हटलं टोपी विणायची आहे. तो म्हणाला, सगळे असंच काही तरी सांगतात. (सगळे म्हणजे कोण? अजून किती म्हातारे सुया घेऊन हिंडताहेत?) शेवटी बाकावरच्या एका गवंड्याच्या आईनं तिच्या जादाच्या लाकडी सुया दिल्या.

ही गवंड्याची आई माझ्याच वयाची. तिचा नातू आत, आमच्या पेटीशेजारी. बाई न बघता विणते. बोलते, जांभई देते, यंत्र वाजलं की विणत विणत उभी राहते. तिनं मला टाके चढवायला शिकवले, मग सुलट, मग उलट. दिवसभर "सैल धरा, सैल धरा, गळा आवळताय का कोणाचा" चाललेलं. मी वैतागून विचारलं, तुम्हाला कोणी शिकवलं? म्हणाली मावशीनं. मावशीला? तिच्या सासूनं. आणि सासूला? "तुम्ही विणा हो." पण माझ्या डोक्यात ते बसलं. प्रत्येकाला कोणी तरी शिकवलं, मग पहिल्याला कोणी? आमच्या कारखान्यात मला उस्तादानं शिकवलं, त्याला त्याच्या उस्तादानं, पण मुळातलं यंत्र तरी समोर होतं. इथं तर दोन काड्या आणि एक दोरा. त्यातनं कापड निघतं हे कोणाच्या स्वप्नात आलं?

झालं, बाकावरच्या मास्तरांना तेवढं पुरलं. हे शाळेतनं निवृत्त झालेत, जुळी नातवंडं आत आहेत, आणि गप्प बसले की त्यांचे हात कापतात, म्हणून ते गप्प बसत नाहीत. त्यांनी सांगितलं की माणूस आधी जाळी विणायला शिकला मासे धरायला. मग एकाच सुईनं गाठी मारत मोजे करायला लागला, तसला जुना मोजा वाळवंटात सापडलाय, अंगठ्याला वेगळा कप्पा असलेला. दोन सुया फार मागाहून आल्या. खरंखोटं मास्तर जाणे. गवंड्याची आई म्हणाली, "वाळवंटात मोजे कशाला हो लागतात?" मास्तर म्हणाले, रात्री थंडी पडते. ती म्हणाली, "मग रात्रीचेच सापडले असतील." तासभर हे भांडण चाललं. दोनदा यंत्र वाजलं, दोनदा सगळे उभे राहिले, दोनदा बसले, आणि भांडण होतं तिथून पुढं सुरू. त्या दिवशी पहिल्यांदा मला बाकावर भूक लागली.

पहिली टोपी मी मुद्दाम मोठी विणली. आमच्या धंद्यात माल जास्तीचा ठेवायचा आणि मग तासून मापाला आणायचा. कमी पडला तर भंगार. तेव्हा मी ऐसपैस टोपी विणली, कडेला खडूनं रेघ मारली आणि कात्री घेतली. गवंड्याची आई ओरडली ती अशी की आतनं फौजदारीण धावत आली. पण तोवर मी कापलं होतं. अक्का, तू इतकी वर्षं विणतेस, मला कधी सांगितलं नाहीस की ते कापलं की सगळं सुटतं! डोळ्यांसमोर टोपी होती, ती बघता बघता शेवया झाली. मास्तर म्हणाले, पहिल्या माणसानंही असंच कापलं असणार. गवंड्याची आई म्हणाली, "मग त्याच्या बायकोनं कात्री लपवली असणार, तेव्हा कुठं आपल्यापर्यंत आलं."

दुसरी टोपी मापात विणली. फौजदारिणीकडनं डोक्याचा घेर घेतला, साडेसत्तावीस सेंटिमीटर, आणि कॅलिपर लावून बरोबर तेवढीच केली. सैलपणा शून्य. टाके इतके आवळले गेले की टोपी टेबलावर आपली आपण उभी राहायची, वाटीसारखी. टिचकी मारली तर वाजली. फौजदारिणीनं ती हातात घेतली, उलटी केली आणि विचारलं, "आजोबा, हिच्यात पेन ठेवू का?" आता ती तिच्या टेबलावर आहे. चार पेनं, एक थर्मामीटर.

तिसरीचं काय सांगू, ती आपोआप उसवली. शेंड्याला धागा नीट अडकला नसणार. चौथी सुईवर आहे, तीही कानापर्यंत येते आणि मागं जाते. फौजदारीण रोज विचारते, झाली का? मी सांगतो, उद्या. वर पोरगी विचारते, बाबा, तुम्ही तिला घेतलंत का हो? मी सांगतो, टोपी होईस्तोवर नाही, डॉक्टरांचा नियम आहे. तिला बिचारीला वाटतं दवाखाना फार कडक आहे.

बसून बसून मला मात्र उलगडलंय पहिला माणूस विणायला कसा शिकला ते. मास्तरांना मी सांगितलं, तुमची मासळी आणि वाळवंट ठेवा बाजूला. त्याला थंडी वाजत नव्हती. थंडी वाजली तर माणूस कातडं पांघरतो, शेकोटी करतो, नाही तर बायकोला ओरडतो. दोन काड्या घेऊन एकाच धाग्याला हजार वेढे घालत बसायचं हे थंडी वाजणाऱ्याचं काम नाही, तेवढ्यात तो गोठेल. त्याचं कोणी तरी आत होतं आणि त्याला बाहेर बसवलेलं होतं. हातांना काही तरी पाहिजे होतं, नाही तर त्यांनी दार फोडलं असतं. हाताला लागल्या त्या काड्या घेतल्या आणि एक फास काढून दुसऱ्यात घातला, दुसरा तिसऱ्यात. सगळं झाल्यावर उठला तर मांडीवर कापड. गवंड्याची आई सुई न थांबवता म्हणाली, "बसवलेला नाही, बसवलेली. पुरुष दार फोडून मोकळा झाला असता."

आता थांबतो. पोरीसाठी पाव आणि दूध घेऊन वर जायचंय.

तुझा भाऊ

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. टोपीचा शेंडा कसा मिटवायचा, म्हणजे टाके कमी कमी करत शेवटी काय करायचं, ते उलट टपाली कळव. चित्र काढून कळव. घाई नाही.

ता. क. दुसरा. वरचं खोडत नाही, पण ते खोटं आहे. शेंडा मला येतो. गवंड्याच्या आईनं दोनदा दाखवला आणि दोन्ही वेळा मला जमला. अक्का, तिसरी टोपी आपोआप उसवली नाही. ती चांगली झाली होती. मऊ होती, लिंबाएवढ्या डोक्यालाही बसली असती. फौजदारीण बघायच्या आत मी ती संडासात नेली, कडी लावली आणि धाग्याचं टोक ओढलं. चौथीही मीच मागं नेतो. टोपी झाली की पोरगी माझ्या अंगावर येणार. ह्या हातांत ती गार पडली तर? जास्त आवळली गेली, हलायची थांबली, आणि माझ्या बोटांना कळलंच नाही तर? वर तिसऱ्या मजल्यावर जाऊन काय सांगू मी? तू ये. आज निघ. तुझ्या अंगावर चार पोरं वाढली, तुला काही शिकावं लागणार नाही. तू तिला घे, मी बाहेर बसतो, मला बाहेर बसता येतं. रडलीस तरी चालेल.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करणार एवढ्यात घोळ झाला. गवंड्याच्या आईचा नातू आज घरी गेला. जाताना ती माझ्यासमोर उभी राहिली, म्हणाली, "तीनदा उसवलंत. मी मोजत होते," आणि पिशवीतनं एक पिवळी टोपी काढून माझ्या हातात नाही, सरळ फौजदारिणीच्या हातात दिली. मी म्हटलं, अहो, माझी होत आली होती. ती म्हणाली, "तुमची होऊ द्या की, सावकाश. दुसरी लागेलच." आणि गेली. आता दार उघडं आहे आणि फौजदारीण म्हणतेय, आजोबा, शर्ट काढा. अक्का, मी

ता. क. चौथा. नमस्कार. मी इथली सिस्टर. तुमच्या भावाचे दोन्ही हात अडकलेत, म्हणून ते सांगताहेत ते मी लिहितेय. (वरचं सगळं मी वाचलेलं नाही. फौजदारीण कोण ते मात्र कळलं.) ते म्हणतात, अक्का, वजन काहीच लागत नाही. ते म्हणतात, खोड ते, एक किलो दोनशे तीस लिही, आज सकाळचं. ते म्हणतात, गरम आहे. मी विचारलं कोण, ती का तुम्ही? म्हणतात, दोघं. ते म्हणतात, डोळ्यांतनं घाम येतोय असं लिही, तर तसं लिहिलं. तुम्ही याच, असं म्हणतात, पण आज निघायची घाई करू नका, आल्यावर तुमचा नंबर त्यांच्या मागं. (तासभरच ठेवायचं असतं. दीड झाला. मी दोनदा सांगितलं, त्यांना ऐकू येत नाहीये.)