धोंड्याच्या महिन्यातली मोजणी

बुधवार, २० मे

सगळ्यांच्या आधी पोचली शेजारची निलव्वा. गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी चढत न्हाय ही बाई, पण आज वाटेवर सगळ्यांच्या म्होरं! मोजणीवाले येणार म्हणून आमी बाया रस्त्यात आडव्या बसलो. नदीवर मोठं धरण करायचंय त्यांना. आधी गाव मोजायचं, मग दारावर लाल नंबर, मग नोटीस, मग उठा. म्हणून मोजणीच होऊ द्यायची न्हाय. देवळात हात वर करून ठराव झालाय, बापू मास्तरांनी लिवलाय: मोजणीवाल्याला घोटभर पाणीबी द्यायचं न्हाय. मास्तर रिटायर झाल्यापासून लई ठराव लिवतात. मला बायांची अध्यक्ष केलंय. चौथीत शाळा सुटली ती सुटली, पण सही करते, वेलांटीसकट.

जीप आली. मी वरडले, "मोजणीवाले!" बाया वरडल्या, "परत जा!" दोनदा झालं. तिसऱ्यांदा जीपचं दार उघडलं आन् निलव्वानं झटक्यात डोक्यावर पदर घेतला.

"अगं बया, आमचं जावई!"

प्रकाशराव. मागच्या वर्षी निलव्वानं लेक सुनंदा दिली त्यांना. वरातीत आख्खं गाव नाचलं, मीबी. पोरगा सरकारी हाय, मोजणी खात्यात हाय, किती मिरवलं! त्यो काय मोजंल, ते कुणाच्या डोक्यात आलं न्हाय. हिकडं बदली झाली तेबी बिचाऱ्यानं सांगितलं न्हाय.

सगळ्या बायांनी पदर घेतले. घोषणा तितंच राहिली.

मास्तर म्हणाले, "ठराव म्हणजे ठराव. पाणी नाही." निलव्वा रडायला लागली. लग्नानंतरचा पैलाच धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी अधिक येतो, लेक-जावयाला बोलवून धोंडे जेवू घालायचे, आन् तिचा जावई वेशीवरनं तहानलेला परत जाणार. "सुनंदाला काय तोंड दाखवू वो मास्तर?"

जावई उन्हात उभे. हातात काठी, काठीवर ताटलीवाणी मशीन. घाम पुसायलाबी हात मोकळा न्हाय.

मी म्हणलं, मास्तर, ठरावात जावई लिवलाय का? मास्तरांनी चष्मा लावून कागद वाचला. न्हाय लिवला.

"मग? मोजणीवाल्याला पाणी न्हाय, जावयाला हाय. आन् जावयाला सासरवाडीत काम करू देतात व्हय?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली. मग सवताच म्होरं गेले, काठी हातातनं काढून घेतली. "अहो, तुम्ही कशाला उचलता!"

आज मी लई खूश. तिखट कांडायचं राहिलं.

गुरुवार, २१ मे

सुनंदाला सोलापुरातनं आणलं. निलव्वाकडं जेवण. जावयाला तेल लावून आंघोळ, नवं धोतर (नेसता येईना, मास्तरांनी नेसवलं), ओवाळणी, धोंडे, वर तूप. तेहतीस अनारसे डब्यात बांधून. जीपमधले दोन गडीबी पंगतीला. मशीन ज्वारीच्या कणगीमागं ठेवलं, झाकून, धूळ बसाय नको म्हणून.

जावई जेवून जे आडवे झाले ते चहालाच उठले. मग म्हणाले, आता ऊन उतरलं, जरा नदीकडं जाऊन... निलव्वा म्हणली, "छे छे, जेवल्यावर चालायचं नसतं."

मोजणी शून्य.

शनिवार, २३ मे

निलव्वाचा जावई म्हंजे गावचा जावई. भावकीतल्या बाया भांडायला लागल्या, आमच्याकडं कवा? मी अध्यक्ष, मी पाळ्या लावून दिल्या. सकाळी एक घर, दुपारी एक, संध्याकाळी एक. मंद्रूपच्या बाजारात आमच्या गावानं गूळ संपवला म्हणे.

तिसऱ्या घरात जावयांनी हात जोडले. "आजी, एक बांध तरी मोजू द्या. वर फोटो पाठवावा लागतो." मास्तर म्हणाले, पाठवा की, ताटाचा पाठवा.

सून सुवर्णा म्हणते, "आत्या, सोमवारी आपली पाळी. जायफळ बेतानं टाका." हिला जायफळ कळायला लागलं!

सोमवार, २५ मे

पुरण झकास झालं. जायफळ पुष्कळ टाकलं. सुवर्णानं दोनदा वाढून घेतलं.

जेवण होत आलं तवा जावई पान घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. हळूच म्हणाले, "आजी, तुमी काय करताय ते मला पैल्या दिवशीच कळलं. पण सायबांचे फोन येतायत. मी न्हाय मोजलं तर दुसरा येईल. त्याची सासरवाडी भलतीकडं असंल."

खरं हाय त्यांचं. मग मी त्यांना सांगितलं, कुणाला सांगत न्हाय ते. माझं माहेर धरणात गेलं, मी परकर नेसायची तवा. मोजायला आलेला माणूस लई चांगला होता. आईनं त्याला ताक दिलं, वर मिठाचा खडा. त्यानं ताक पिऊन घर मोजलं. आता उन्हाळ्यात पाणी उतरलं की भाऊ काठावर उभा राहून बोट दाखवतो, आक्का, तितं आपलं जोतं. मी म्हणते, व्हय व्हय. मला काय दिसत न्हाय. पण म्हणते.

"तुमची सुनंदा असं बोट दाखवंल का वो?"

जावयांनी पानातला शेवटचा धोंडा तसाच ठेवला. सुवर्णानं जाताना बांधून दिला, घेतला.

बुधवार, २७ मे

सकाळी कणगीमागं मशीन न्हाय! जावई एकटेच उठून नदीकडं गेले. आमी पोचेस्तवर सुनंदा आधीच पोचलेली. नवऱ्याम्होरं काठी धरून उभी, सोडंना.

"माझं माहेर मोजताय? आधी मला मोजा! उंची घ्या, वजन घ्या!"

"सुनंदा, नोकरी जाईल गं."

"अन् हे गेलं तर?"

बाया हसल्या. सुनंदा हसंना, मग बायाबी गप झाल्या.

शेवटी सुनंदानं काठी सोडली तवा जावयांनी एकच शेत मोजलं. निलव्वाचं. म्हणाले, दुसऱ्या कुणाचं आधी मोजायला हात धजंना. निलव्वानं बांधावर उभं राहून सगळं बघितलं आन् तरीबी शिरा करून पाठवला. मग माझ्याकडं येऊन चुलीपुढं बसून रडली. म्हणली, "शिऱ्यात साखर कमी पडली असंल का गं?"

माझं पैल्या दिवशीचं हसू आज न्हाय. आपण जिंकलो असं कुणी म्हणलं न्हाय, हरलो असंबी न्हाय.

शुक्रवार, २९ मे

जावई निरोप घ्यायला आले. मंगळवारी मोठे सायब सवता येणार, सोबत पोलीस. मोठे सायब म्हंजे बाई हायत म्हणे. तिशीतल्या, लई कडक, कुणाच्या घरचं पाणी पीत न्हाईत, बाटली जवळ असते.

मास्तर म्हणाले, "आता काय करणार, अध्यक्ष? बाईला कुठली सासरवाडी दाखवणार?" टोमणाच तो.

मी म्हणलं, ओटीचं सामान काढा. खण, नारळ, तांदूळ. बाई गावात आली की कुणीतरी ओटी भरायचीच. ओटी न्हाय म्हणता येत न्हाय, आन् भरली की ती गावची लेक. पण ओटीत नारळ घेऊन मोजतातबी असतील. सरकारी बाईचं काय सांगावं.

निलव्वानं जावयाला इचारलं, "तुमी येणार का?"

"यावंच लागंल, आत्या."

"मग जेवूनच जावा."

सुनंदा त्यांच्याबरोबर गेली न्हाय. मंगळवारपर्यंत हितंच राहते म्हणली. जावयांनी एकट्यानं जीपचं दार लावलं.

मंगळवार, दोन तारीख, सकाळी अकरा. जावई येतो म्हणून सांगून गेलेत.